फिरतीचें वाङ्मय

मराठींत प्रवासवर्णनांची उणीव आहे असें कोणी म्हटल्यास त्याचें म्हणणें कोणीहि मनावर घेणार नाहीं. काशी-रामेश्वरापासून हिमालयापर्यंत आणि लंडनपासून टोकियोपर्यंत मराठी माणसानें जेथें जेथें पाय ठेवला, तेथून परत येतांच त्यानें लेखणी हातीं घेतली, असा आपल्या वाङ्मयाचा एकंदर इतिहास आहे. ग्रंथालयाच्या कपाटांत या पुस्तकांच्या रांगा लागलेल्या आहेत आणि त्यांना वाचकांचाहि तोटा नाहीं. तथापि या कपाटासमोर उभें राहिलें असतां आम्हांस अलीकडे एक प्रश्न पडूं लागला आहे. जो माणूस सर्वांत अधिक प्रवास करतो, त्याचें पुस्तक यांत कोठें आहे? महिन्यांतील पंधरा-वीस दिवस ज्याची बॅग भरलेलीच असते, गाड्यांचीं वेळापत्रकें ज्याला शाळेंतल्या पाढ्यांसारखीं पाठ असतात, असा तो औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधि. हिशेब तपासावयास शाखेमागून शाखा पालथ्या घालणारा तो बँकेचा तपासनीस. पहाटेच्या विमानानें बेंगळुरूस जाऊन रात्रीच्या विमानानें परतणारी ती संगणक-कंपनींतील बाई, यांपैकीं एकाचेंहि प्रवासवर्णन आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्यांनीं आयुष्यांत एकदांच युरोप पाहिला त्यांनीं दोन-दोनशें पानें भरलीं. ज्यांनीं तीस वर्षें गाडींत काढलीं ते मात्र मुके राहिले. हें असें कां व्हावें?

प्रवासाच्या प्रकारांना आपल्या भाषेनें जीं नांवें दिलीं आहेत, त्यांतच या प्रश्नाचा थोडासा उलगडा आहे. यात्रेच्या शेवटीं देव असतो, सहलीच्या शेवटीं घर असतें. परंतु फिरतीला शेवटच नसतो. फिरणारें चाक जेथून निघतें तेथेंच येतें आणि पुन्हां निघतें. म्हणूनच शेजारचे गृहस्थ ‘यात्रेला गेले आहेत’ असें आपण म्हणतों, परंतु ‘ते फिरतीवर असतात’ असें म्हणतों. यात्रा ही घटना आहे, फिरती ही स्थिति आहे. आणि घटनेची हकीकत सांगणें जितकें सोपें, तितकें स्थितीचें वर्णन करणें सोपें नाहीं.

कामासाठीं घर सोडणारा माणूस आपल्या परंपरेला अगदींच अपरिचित होता असें मात्र नव्हे. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतांतील सुमारें सातशें गाथांची रचना पहावी. तींत पथिक आणि पथिकाची स्त्री यांच्यासंबंधीं कितीतरी गाथा आहेत. पति गेल्याला अर्धा दिवस झाला नाहीं, तोंच दिवस मोजण्याच्या रेघांनीं सारी भिंत भरवून टाकणारी एक बाई तेथें आहे. पैठण हें त्या काळीं व्यापाराचें मोठें ठाणें होतें, व तेथील माल घाटमार्गानें पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांपर्यंत जात असे. या व्यापारमार्गांवरील लेण्यांत दूरदूरच्या गांवांहून आलेल्या व्यापाऱ्यांनीं आपलीं व आपल्या गांवांचीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. कार्ल्याचें चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें पुरें केलें, असें तेथील लेखच सांगतो. तें जंबुद्वीपांत सर्वोत्कृष्ट आहे, असें म्हणावयासहि तो विसरलेला नाहीं. आज त्या डोंगराच्या पायथ्याजवळून दख्खनची राणी जाते, आणि तींतील पासधारक त्या बाजूस मान वळवून पाहतीलच असें नाहीं.

संस्कृत साहित्यशास्त्रानें तर अष्टनायिकांत ‘प्रोषितभर्तृके’ला, म्हणजे पति परगांवीं असलेल्या स्त्रीला, स्वतंत्र स्थान दिलें. कालिदासाचा यक्षहि वस्तुतः कामांत कुचराई केल्याबद्दल वर्षभर लांब पाठविलेला एक नोकर आहे. आजच्या भाषेंत त्याला शिक्षेची बदली म्हणतां येईल. परंतु या साऱ्या काव्यांत प्रवासाला मोल येतें तें विरहामुळें. पथिक बाहेर काय करतो, कोणाशीं घासाघीस करतो, कोठें निजतो, काय खातो, यासंबंधीं कवि बहुधा मौन पाळतात. घरचें दुःख काव्याला चाललें. बाहेरचा हिशेब चालला नाहीं.

हा हिशेब ज्यानें प्रथम मोकळेपणानें मांडला तो मराठी लेखक म्हणजे विष्णुभट गोडसे. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्यें चिंतामणराव वैद्य यांनीं प्रसिद्ध केला आणि तेव्हांपासून तो १८५७च्या बंडाची डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत म्हणून वाचला जातो. तसा तो वाचला जाणें अगदीं योग्य आहे. परंतु भटजी बंड पाहण्यासाठीं घराबाहेर पडले नव्हते. घरीं कर्ज होतें, वडील थकले होते, आणि उत्तरेंत शिंद्यांच्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार असून तेथें भरघोस दक्षणा मिळेल अशी वार्ता कोंकणांत वरसईपर्यंत आली होती. म्हणून ते चुलत्याबरोबर निघाले. म्हणजे, कोणास हें थोडें उद्धट वाटलें तरी, तो धंद्याचा प्रवास होता. ही दृष्टि ठेवून तें पुस्तक पुन्हां वाचावें, म्हणजे त्याचें एक निराळेंच स्वरूप दिसूं लागतें. मिळालेली रक्कम कोठें लपवावी, ती कोणीं लुटली, पुन्हां कशी जमवावी, आजचें जेवण कोणाच्या घरीं, उद्यांचा मुक्काम कोठें, ही त्या पुस्तकाची खरी वीण आहे. झांशीचा वेढा हा त्या विणींत अकस्मात शिरलेला धागा आहे. भटजींचें वर्णन इतकें जिवंत वाटतें याचें कारण, आमच्या मतें, ते इतिहासकार नव्हते व प्रेक्षकहि नव्हते हेंच होय. ज्याला संध्याकाळच्या पिठाची काळजी आहे असा माणूस जग पाहतो, तेव्हां तें जग फार जवळून दिसतें. शेवटीं ते परत आले तेव्हां कर्ज फेडण्याजोगें द्रव्य त्यांच्या गांठीं उरलें नव्हतें. खांद्यावर गंगेची कावड मात्र होती, व तिच्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. धंद्याच्या दृष्टीनें हा प्रवास फसला, असेंच म्हणावें लागेल. तो लिहिला गेला म्हणून आपण श्रीमंत झालों.

गोडसे भटजींनीं घालून दिलेली ही वाट मात्र पुढें कोणीं फारशी वहिवाटली नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८६ ते १८८८ या काळांत अमेरिकेंत अनाथ बालविधवांच्या शाळेसाठीं निधि जमविण्याकरितां गांवोगांव व्याख्यानें दिलीं. याहून खडतर फिरती क्वचितच कोणीं केली असेल. परंतु १८८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाचा मुख्य भर नांवाप्रमाणेंच लोकस्थितीवर आहे. आपल्या देशबांधवांस कांहीं शिकवावें या हेतूपुढें लेखिकेनें आपला शीण बाजूस ठेविला. पुढें आमच्या प्रवासवर्णनाचें ध्येय शिकविण्याकडून रमविण्याकडे वळलें, आणि १९६० सालीं पु. ल. देशपांडे यांचें ‘अपूर्वाई’ आलें. आम्ही त्या पुस्तकाचे भक्त आहों. परंतु त्याच्या नांवांतच या वाङ्मयप्रकाराचा सारा कायदा सांगितला आहे, हें नजरेआड करतां येत नाहीं. प्रवासवर्णनाचा विषय अपूर्वता. जें पूर्वीं पाहिलें नाहीं तें पहावयाचें व सांगावयाचें. आम्ही स्वतः वर्गांत अनेक वर्षें हीच व्याख्या शिकवीत आलों. या कायद्याखालीं एकशें अठराव्या वेळीं अकोल्याला जाणाऱ्या माणसाची फिर्याद दाखलच होऊं शकत नाहीं.

पाश्चात्य वाङ्मयानें ती दाखल करून घेतली, हें कबूल केलें पाहिजे. फ्रान्ट्स काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’ ही १९१५ मधील कथा किड्याची कथा म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो किडा होण्यापूर्वीं कापडाचे नमुने घेऊन हिंडणारा विक्रेता होता, हें फार थोडे वाचक लक्षांत ठेवतात. अंथरुणांत पाठीवर पडल्यापडल्या त्याच्या मनांत येतें तें आपल्या भयंकर रूपाविषयीं नव्हे, तर चुकलेल्या पांचच्या गाडीविषयीं. गाड्यांच्या जुळणीची काळजी, अवेळीं मिळणारें वाईट जेवण, रोज भेटणारीं व कधींच आपलीं न होणारीं माणसें, या त्याच्या तक्रारी कोणाहि फिरतीवाल्यास पुढें सांगण्याची गरज नाहीं. सात वाजून गेल्यावर कचेरींतला वरिष्ठ जातीनें दाराशीं येऊन उभा राहतो. आईबापांचें कर्ज फेडीपर्यंत, म्हणजे आणखी पांच-सहा वर्षें, ही नोकरी सोडतां येत नाहीं असा या ग्रेगोरचा हिशेब आहे. वरसईचा भिक्षुक आणि प्रागच्या लेखकानें कल्पिलेला हा विक्रेता, दोघेहि आईबापांच्या कर्जापायीं घराबाहेर पडलेले असावेत, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते.

आर्थर मिलरचें ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हें नाटक १९४९ मध्यें रंगभूमीवर आलें. त्यांतील विली लोमन त्रेसष्ट वर्षांचा आहे. त्याच्या हातांत नमुन्यांच्या दोन जड पेट्या आहेत, आणि त्यांत काय आहे हें नाटककार शेवटपर्यंत सांगत नाहीं. आतां फिरती झेपत नाहीं, गांवांतच कांहीं काम द्या, एवढेंच त्याचें मागणें. तें मागावयास जातो आणि नोकरी गमावून येतो. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटतो तो त्याच्या दफनाच्या दिवशीं. त्यानंतर अर्धशतकानें, २००१ मध्यें, वॉल्टर कर्न या लेखकाच्या ‘अप इन द एअर’ या कादंबरींत फिरतीवाला विमानांत बसला. त्याला घरच नाहीं; विमान-कंपनीकडे दहा लक्ष मैलांचा साठा जमविणें हें त्याच्या आयुष्याचें ध्येय आहे. कर्ज संपलें, पण त्याबरोबर ज्याच्याकरितां तें काढावयाचें तेंहि संपलें.

या तिन्ही कृतींची थोरवी मान्य करूनहि आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. तिन्ही लेखकांस फिरतीवाला दिसतो तो मोडून पडतांना, किंवा मुळांपासून तुटलेला. एकाचा किडा होतो, दुसरा आत्मघात करतो, तिसरा अधांतरीं राहतो. परंतु आपल्या ओळखीचे बहुसंख्य फिरतीवाले यांपैकीं कांहींच करीत नाहींत. ते रविवारीं रात्रीं बॅग भरतात, शनिवारीं परत येतात, मुलांचीं लग्नें करतात आणि निवृत्त होतात. न मोडलेल्या माणसाची कथा सांगणें हेंच अधिक कठीण काम आहे, आणि तें अद्याप व्हावयाचें आहे.

येथें एका घरगुती गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. आमचे थोरले बंधु एका औषधांच्या कंपनीचे प्रतिनिधि होते. १९८३ पासून एकतीस वर्षें त्यांनीं विदर्भ-खानदेशाची फिरती केली. ते निवृत्त झाल्यावर आम्हीं त्यांच्यामागें लकडा लावला कीं, दादा, तुम्ही एवढें हिंडलांत, कांहीं तरी लिहा. ते हंसून म्हणत, “काय लिहूं? तेंच तेंच तर होतें.” हा त्यांच्या ठिकाणीं शब्दसामर्थ्य नसल्याचा पुरावा, असें आम्हीं त्या वेळीं मानलें. ते गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेंत एकतीस डायऱ्या निघाल्या. आम्हीं त्या मोठ्या आशेनें उघडल्या. दोन-तीन दिवस आमची निराशाच झाली.

प्रत्येक पानावर गांवाचें नांव, त्याखालीं डॉक्टरांच्या भेटींची संख्या – त्या धंद्यांत भेटीला ‘कॉल’ म्हणतात – आणि मग खर्च. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे कंपनीकडून परत मिळावयाचा खर्च: गाडीभाडें, रिक्षा, मुक्कामाच्या गांवचा भत्ता. उजवीकडे ‘खाजगी’. महिन्याचा फिरतीचा तक्ता आधींच मंजूर करून घ्यावा लागे. कोणत्या तारखेस कोणत्या गांवीं असावयाचें हें ठरलेलें असे, आणि त्यांत बदल करावयाचा तर वर विचारावें लागे. एके ठिकाणीं आम्ही थांबलों. १९८६ मधील पावसाळ्यांतलें पान: “अमरावती. कॉल ११. तार मिळाली. मुलगी. रात्रीची गाडी चुकली.” उजव्या बाजूस: “पेढे ६ रु.” आणि दुसऱ्या दिवशीं: “अचलपूर. कॉल १०.”

हीं दोन पानें आम्हीं किती वेळां वाचलीं असतील कोण जाणे. आमची पुतणी पुण्यास जन्मली व तिचे वडील पांचव्या दिवशीं आले, ही हकीकत आमच्या घरांत थट्टेनें सांगितली जात असे. ‘दादांना दुकानदारी अधिक प्रिय’ असें आम्हीहि म्हटलेलें आहे. गाडी चुकल्यावर त्यांनीं ती रात्र कशी काढली, पेढे कोणास वाटले, दुसऱ्या दिवशीं अचलपूरच्या दहा दवाखान्यांत बांकावर बसून कोणत्या गोळ्यांचे गुण कोणत्या चेहऱ्यानें सांगितले, हें डायरी सांगत नाहीं. वाङ्मयाचा प्राध्यापक या नात्यानें आम्ही एवढेंच म्हणूं कीं, इतक्या थोड्या शब्दांत इतकें मागें ठेवणारें लेखन आमच्या वाचनांत फार आलेलें नाहीं.

मग आम्हीं सर्व डायऱ्या क्रमानें वाचल्या, आणि ‘तेंच तेंच’ या शब्दांचा अर्थ उलगडूं लागला. तेंच गांव शंभर वेळां पाहणाऱ्याला जें दिसतें तें एकदां पाहणाऱ्यास दिसत नाहीं. प्रवाशाला स्थळ दिसतें. फिरतीवाल्याला काळ दिसतो. ज्या डॉक्टरच्या दाराशीं पहिल्या डायरींत ‘दोन तास थांबलों’ अशी नोंद आहे, त्याच्याकडे वीस वर्षांनीं ‘लगेच भेटले, खूप वेळ बसवून घेतलें’ असें आढळतें. त्यापुढें एके वर्षीं ‘दवाखाना मुलगा पाहतो’. लॉजवर पाणी आणून देणारा पोऱ्या पुढें गल्ल्यावर बसतो. एका कप चहाची किंमत वर्षावर्षानें चढत जाते, तिचा असा अखंड आलेख दुसरीकडे मिळणें कठीण. या नोंदींत दुःखच आहे असेंहि नव्हे. जळगांवच्या एका खानावळींत त्यांच्या पानांत न सांगतां भरीत वाढीत. भुसावळच्या फलाटावर निरनिराळ्या कंपन्यांचे चार प्रतिनिधि, धंद्यांतले हाडवैरी, एकाच डब्यांतून पोळी-भाजी खात. घरच्या कटकटींतून सुटल्याचा आनंदहि एक-दोन ठिकाणीं प्रामाणिकपणें डोकावतो. या लहानशा सुखांना आमच्या प्रवासवर्णनांत जागा नाहीं, कारण तीं अपूर्व नसतात. वारंवार मिळतात म्हणूनच तीं सुखें असतात.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, मराठी लेखकांनीं अपूर्वतेचा हा कायदा थोडा सैल करावा. फिरतीच्या वाङ्मयाचा नायक पुनरुक्तीला भिणारा नसावा. त्यांत घर व परगांव हे दोन्ही पक्ष असावेत. कारण फिरतीवाला घरीं येतो तो पाहुणा होऊन. मुलें त्याच्याशीं पहिल्या दिवशीं जपून बोलतात, आणि तीं मोकळीं होतात तों त्याची बॅग पुन्हां दाराशीं आलेली असते. गाथासप्तशतींतील बाईची भिंत आणि गोडसे भटजींची कमरेची गांठ हीं एकाच पुस्तकांत आलीं पाहिजेत. आज घरीं थांबणारी स्त्रीच असेल असेंहि नाहीं. बॅग भरणारी आई आणि मुलाची वेणी-फणी शिकणारा बाप हें दृश्य आपल्या शेजारींहि दिसतें.

हें काम लवकर व्हावें असें म्हणण्यास आणखीहि कारण आहे. आतां दूरध्वनीच्या पडद्यावर रोज रात्रीं घरचीं तोंडें दिसतात. २०२०च्या साथींत कामाचा प्रवास थांबला, तेव्हां तो कायमचाच थांबेल असें कित्येकांस वाटलें. तसें झालें नाहीं. परंतु फिरतीच्या खुणा मात्र पुसूं लागल्या आहेत. आज अनेक ठिकाणीं खर्चाची पावती भ्रमणध्वनीवर टिपून कचेरीस पाठविली कीं काम झालें. त्या यंत्रांत डावी बाजू असते, उजवी नसते. जें परत मिळावयाचें नाहीं त्याची नोंद ठेवण्याचें कोणास कारण उरलेलें नाहीं, आणि वाङ्मय तर नेमकें त्याच बाजूस असतें.

गोडसे भटजी कर्ज फेडावयास निघाले, ग्रेगोर कर्ज फेडीत होता, विली लोमनचें कर्ज त्याच्याबरोबरच फिटलें. दादांच्या पायांशीं कोणतें कर्ज बांधलें होतें, असा विचार आमच्या मनांत पूर्वीं कधीं आला नव्हता. वडील लवकर गेले आणि घर चाललें, एवढेंच आम्हांस ठाऊक. परंतु १९९०च्या डायरींत, नागपूरच्या एका पानावर, उजव्या बाजूस ‘संत्रीं’ या नोंदीच्या खालीं ‘धाकट्याची परीक्षा फी’ असें लिहिलेलें आहे, आणि तशीच नोंद त्यापुढील दोन वर्षांत आणखी चार ठिकाणीं आहे. इंग्रजी वाङ्मय घेऊन आम्हीं एम. ए. केलें तीं हीं वर्षें. काफ्का आणि मिलर आम्हांस वाचावयास मिळाले ते त्या उजव्या रकान्यांतून. ज्या प्रवासाचें वर्णन होऊं शकत नाहीं असें आम्हीं वर्गांत शिकविलें, त्याच प्रवासाच्या पैशानें आम्ही शिकविण्यास लायक झालों होतों. ही चूक येथें नोंदवून ठेवणें आम्हांस अवश्य वाटलें.